शिंपल्यापासून बिहारपर्यंत

सणासुदीला फराळाच्या ताटासमोर दुष्काळाची गोष्ट काढू नये, असे आपल्याकडची वडीलधारी माणसे सांगतात, आणि त्यांचे सांगणे काही खोटे नाही. पण आज ज्या माणसाची हकिगत सांगायची आहे त्याचे सारे आयुष्यच या दोन गोष्टींच्या ओढाताणीत गेले. एकीकडे सौंदर्य, दुसरीकडे भूक. एकीला धरावे तर दुसरी सुटते, ही रुखरुख त्याला जन्मभर लागून राहिली. त्या रुखरुखीपायीच तो झुरिचच्या आपल्या टापटिपीच्या स्टुडिओतून उठला, बिहारच्या भेगाळलेल्या रानात येऊन उभा राहिला, आणि शेवटी पेरू देशातल्या एका दरीत त्याचा अंत झाला. त्या वेळी त्याचे वय अवघे अडतीस वर्षांचे होते. नाव व्हेर्नर बिशोफ. धंदा छायाचित्रकाराचा.

बिशोफचा जन्म झुरिचचा, २६ एप्रिल १९१६ चा. स्वित्झर्लंडमधल्या सुखवस्तू घरातला हा मुलगा. शिक्षक व्हावे म्हणून १९३१ साली तो शियर्स येथील अध्यापक विद्यालयात दाखल झाला होता. चित्रकला आणि शारीरिक शिक्षण हे त्याचे आवडते विषय. या व्यवसायातला एक गडी थोडक्यात हुकला, याचे माझ्यासारख्या शाळामास्तराला थोडे वाईट वाटते. पण वर्षभरातच त्याने ती वाट सोडली आणि झुरिचच्या कलाशाळेत नाव घातले. तिथे हान्स फिन्स्लर नावाचे गुरुजी त्याच वर्षी छायाचित्रणाचा वर्ग चालवू लागले होते. हे फिन्स्लर मोठे करडे गृहस्थ. कोंबडीचे साधे अंडे घ्यायचे आणि त्यावर उजेड कसा पडतो, सावली कुठे सुरू होते, हे तासन्‌तास पाहायचे, अशी त्यांची तालीम. वस्तूला नटवू नका, ती आहे तशी नीट पाहा, एवढाच त्यांच्या शिकवणुकीचा सारांश.

आपल्याकडच्या जुन्या फोटो स्टुडिओची आठवण वाचकांना असेलच. मागे रंगवलेला पडदा, त्यावर एखादा महाल नाहीतर सरोवर, पुढे कुंडी ठेवलेले तिवई-टेबल, आणि काळ्या कापडात डोके घालून "हलू नका" म्हणून दरडावणारा फोटोग्राफर. लग्न झाले, मुंज झाली, मुलगा परगावी निघाला, की घरची मंडळी तिथे जाऊन बसायची. तिथला उजेड फोटोग्राफरच्या मुठीत असे आणि समोरचे माणूसही. बिशोफनेही १९३६ साली झुरिचमध्ये स्टुडिओ उघडला तो याच अधिकाराचा. जाहिरातींची कामे करावीत आणि उरलेल्या वेळात शंख-शिंपले, गोगलगायींची कवचे, पाने यांवर प्रकाश खेळवत बसावे, असा त्याचा क्रम होता. त्या काळातली त्याची शिंपल्यांची चित्रे आजही पाहावीत. वळणावळणाने आत जाणारी ती रेषा पाहताना एखाद्या देवळाचा जिना चढतो आहोत असे वाटते. हा माणूस पुढे युद्ध आणि दुष्काळ टिपीत हिंडणार आहे, अशी शंकासुद्धा त्या चित्रांवरून कुणाला येणार नाही.

त्याला खरे म्हणजे चित्रकार व्हायचे होते. त्या ओढीने तो १९३९ साली पॅरिसला गेलाही. पण त्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि सैन्यातल्या सेवेसाठी त्याला मायदेशी परतावे लागले. स्वित्झर्लंड तटस्थ. चहूबाजूंनी वणवा लागलेला, आणि मध्ये या देशाचे हिरवे बेट जसेच्या तसे. सुरक्षित घरात बसून शेजारचा आक्रोश ऐकणाऱ्याची जी मनःस्थिती होते ती बिशोफची होऊ लागली. शिंपले तेच होते, उजेडही तोच होता. पण आता त्यांत मन रमेना.

याच सुमारास झुरिचमध्ये एक मासिक निघाले होते. आर्नोल्ड क्यूब्लर हे त्याचे संपादक, १९४१ हे त्याचे पहिले वर्ष, आणि नाव 'डू'. या जर्मन शब्दाचा अर्थ आहे 'तू'. आपल्या मराठीत आई मुलाला म्हणते, भक्त देवाला म्हणतो, तोच हा जवळिकीचा 'तू'. जर्मन भाषेतही अनोळखी माणसाला हा शब्द वापरीत नाहीत. जग एकमेकांच्या नरडीला लागले असताना कुणी आपल्या मासिकाचे नाव 'तू' ठेवावे, हीच एक मोठी गोष्ट होती. १९४२ पासून बिशोफ या मासिकासाठी काम करू लागला, आणि स्टुडिओतून बाहेर पडायची त्याची वाट या एकाक्षरी नावाच्या दारातून गेली.

१९४५ साली तोफा थंडावल्या आणि सरहद्दी उघडल्या. बिशोफ प्रथम दक्षिण जर्मनीत गेला, आणि मग 'डू'च्या कामगिरीवर फ्रान्स, जर्मनी, हॉलंड असा हिंडला. फ्रायबुर्ग, कलोन ही नुसती दगडविटांची शेते झाली होती. शिंपल्याच्या आतली वळणे शोधणारी ती नजर आता पडक्या भिंतींतून फिरू लागली. नजर तीच, शिस्तही फिन्स्लर गुरुजींचीच, फक्त समोरची वस्तू बदलली. किंवा असे म्हणू, की समोर आता वस्तू राहिली नाही, माणूस आला. आणि माणूस काही शिंपल्यासारखा गप्प बसून राहत नाही, तोही आपल्याकडे पाहतो.

हॉलंडमधील रूरमोंड गावी त्याला एक लहान मुलगा भेटला. पेरून ठेवलेल्या स्फोटकाने त्याच्या चेहऱ्याची चाळण केली होती. बिशोफने त्याचे जवळून छायाचित्र घेतले, आणि 'डू'ने ते १९४६ च्या एका अंकाच्या मुखपृष्ठावर छापले. वाचकांत मोठी खळबळ उडाली. बैठकीच्या खोलीत चहाच्या टेबलावर ठेवायचे मासिक, आणि त्यावर हे? पुष्कळांना तो अपराध वाटला. आपण त्या वाचकांना सहजासहजी हसू नये. मुलेबाळे ज्या घरात वावरतात तिथे काय यावे आणि काय येऊ नये, याची काळजी प्रत्येक आईबाप करतात. पण दुसरी बाजूही आहे. तो चेहरा घेऊन त्या मुलाला रोज आपल्याच घरात वावरायचे होते. मासिकाचे नाव 'तू' ठेवायचे, आणि समोरचा 'तू' कुरूप निघाला म्हणून पान उलटायचे, हे क्यूब्लर आणि बिशोफ या दोघांनाही पटणारे नव्हते.

पुढची दोनतीन वर्षे तो 'स्विस दान' या मदत-निधीचे काम टिपीत युरोपभर फिरला. इटली, ग्रीस, हंगेरी, रुमानिया, पोलंड, फिनलंड. कुठे दुधाच्या रांगेतली पोरे, कुठे आगगाडीतून परदेशी आसऱ्याला निघालेली मुले. या भटकंतीतच त्याची रोझेलिना मांडेल हिच्याशी गाठ पडली, आणि १९४९ च्या डिसेंबरात दोघांचे लग्न झाले.

आता या धंद्याविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, नाहीतर पुढची कथा नीट कळणार नाही. अमेरिकेत १९३६ साली 'लाइफ' नावाचे सचित्र साप्ताहिक निघाले आणि चित्रांतून बातमी सांगण्याची एक नवी विद्या जगभर पसरली. लहान कॅमेरा गळ्यात अडकवून माणूस कुठेही जाऊ शकत होता. पण पाठवलेल्या चित्रांतले कोणते छापायचे, कुठे कापायचे, खाली कोणत्या ओळी घालायच्या, हे सारे संपादकाच्या टेबलावर ठरे. निगेटिव्हही बहुधा साप्ताहिकाच्याच कपाटात राही. छायाचित्रकार म्हणजे रोजावर राबणारा गडी, पीक मालकाचे. या रिवाजाविरुद्ध १९४७ साली चार नामांकित छायाचित्रकारांनी बंड केले. रॉबर्ट कापा, आंरी कार्तिए-ब्रेसाँ, डेव्हिड सेमूर आणि जॉर्ज रॉजर. त्यांनी 'मॅग्नम' नावाची आपली सहकारी संस्था काढली. छापण्याचा हक्क मासिकाला द्यायचा, पण निगेटिव्ह आणि मालकी छायाचित्रकाराची. आपल्याकडे शेतकऱ्यांनी सहकारी कारखाने काढले, त्यातलीच ही कल्पना. १९४९ साली, संस्थापकांनंतर जे पहिले छायाचित्रकार या संस्थेत आले, त्यांत बिशोफ होता. स्टुडिओवाला बिशोफ आता वृत्तचित्रकार झाला, आणि १९५१ साली त्याला हिंदुस्थानची वाट दिसली.

त्या वर्षी बिहारात हाहाकार होता. पावसाने दगा दिला होता, भात गेले होते, कोठारे रिती पडली होती. केंद्रात अन्नखाते कन्हैयालाल मुनशींकडे होते आणि सरकार जगाच्या बाजारात धान्य शोधीत होते. अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी फेब्रुवारीतच भारताला २० लाख टन धान्य द्यावे अशी शिफारस आपल्या संसदेला केली होती. पण कोरियाच्या युद्धात नेहरूंनी अमेरिकेची तळी उचलली नाही, याचा राग तिथल्या अनेक सभासदांच्या मनात धुमसत होता. वादविवाद लांबत गेला. इकडे खेड्यातल्या चुली थंडच होत्या.

अशा दिवसांत बिशोफ बिहारच्या खेड्यांतून हिंडला. त्याने घेतलेल्या चित्रांतले एक जगप्रसिद्ध आहे. एक बाई. कडेवर मूल. तिने हात पुढे केला आहे तो थेट पाहणाऱ्याकडे. चित्र खालून, नीच जागेवरून घेतले आहे, त्यामुळे तिच्या मागे नुसते रिकामे आकाश दिसते. एरवी भिकाऱ्याकडे आपण वरून पाहतो. नाणे टाकणाऱ्याची नजर नेहमी खालीच असते. इथे उलटे झाले आहे. मागणारी वर आहे आणि आपण तिच्या पायाशी. ती याचना करते आहे खरी, पण ती दीन वाटत नाही, पुतळ्यासारखी उंच वाटते. 'डू'च्या मुखपृष्ठावरचा तो शब्द इथे पुन्हा ऐकू येतो. ती बाई आपल्याला उद्देशून 'तू'च म्हणते आहे.

'लाइफ'ने ही चित्रे छापली आणि लक्षावधी अमेरिकन घरांत बिहारचा दुष्काळ जाऊन पोचला. १५ जून १९५१ रोजी भारताला १९ कोटी डॉलर कर्जाऊ देऊन त्यातून गहू पुरवण्याचा कायदा अमेरिकेत झाला. हे चित्रांमुळे घडले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. कायदे होतात ते राजकारणाने, मतांनी आणि हिशेबांनी. पण हिशेब करणाऱ्याच्या टेबलावर एक हात पुढे आला होता, एवढे खरे.

हा गहू म्हणजे काय, हे आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. पुढे १९५४ च्या कायद्यान्वये आलेला तो तांबडा अमेरिकन गहू, रेशनच्या दुकानापुढच्या रांगा, मिलो ज्वारीच्या भाकऱ्या, हे त्यांना विसरता येत नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली आणि हातात सुकडीची पुडी घेऊन परतलेली माणसे महाराष्ट्रातल्या गावोगाव होती. बिहारची बाई परकी मानायचे आपल्याला कारण नाही.

इथे एक अवघड प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळणे बरे नव्हे. भुकेचे चित्र सुंदर असावे काय? ज्या बाईच्या पोटात अन्न नाही तिच्या उभे राहण्यातला डौल पाहून आपण "वा!" म्हणायचे काय? बिशोफला हा प्रश्न दुसऱ्या कुणी विचारण्याची गरज नव्हती. फिन्स्लरच्या शाळेत घडलेला त्याचा डोळा कुठेही गेला तरी आकार शोधीत असे, आणि त्याचे मन त्या डोळ्याला बोल लावीत असे. काहीजण म्हणतील, असली चित्रे ओबडधोबडच असावीत. पण मला तसे वाटत नाही. ओबडधोबड चित्र आपण हळहळून पाहतो आणि विसरतो. बिशोफने त्या बाईला उजेड आणि आकाश दिले, तेवढ्याच काळजीने जेवढ्या काळजीने त्याने शिंपल्याला दिले होते. त्यात तिचा अपमान नाही, मान आहे. मात्र तिचे नाव जगाला कळले नाही. तिच्या चित्राखाली छापले जाते ते बिशोफचे नाव, सालाचा आकडा आणि प्रांत. चित्र कितीही चांगले असले तरी एवढी उणीव त्यात राहतेच.

दुष्काळ टिपायला परदेशातूनच कुणी यावे लागले, असेही समजू नये. १९४३ च्या बंगालच्या भीषण दुष्काळात आपल्या सुनील जानाहने भुकेची चित्रे घेतली होती आणि ती कम्युनिस्ट पक्षाच्या पत्रात छापून आली होती. फरक इतकाच, की त्या पत्राला 'लाइफ'सारखा लक्षावधींचा वाचक नव्हता. चित्र कुणी घेतले यापेक्षा ते कुणाच्या घरी पोचले यावर पुष्कळ अवलंबून असते, हे या धंद्यातले कडू सत्य आहे.

आणि दुष्काळ म्हणजेच हिंदुस्थान, असेही बिशोफने मानले नाही. दामोदर खोऱ्यातले धरणाचे काम, जमशेदपूरचा पोलाद कारखाना, मुंबईत नृत्याचे धडे घेणारी एक तरुण मुलगी, हे सारे त्याने त्याच वर्षी टिपले. एक देश उपाशी आहे आणि तोच देश धरण बांधतो आहे, नाचही शिकतो आहे, असे सगळे मिळून त्याला सांगायचे होते. पण साप्ताहिकांना हवी होती बातमी, आणि बातमी म्हणजे संकट. संथपणे चाललेले जगणे कुणी विकत घेत नाही.

हे शल्य घेऊन तो जपान आणि कोरियाला गेला. कोरियात लढाई चालू होती. १९५२ साली केसाँग येथे त्याने एक विलक्षण चित्र घेतले. त्यात ना सैनिक आहेत ना प्रेते. आहेत ते देशोदेशींचे वृत्तचित्रकार. कॅमेरे रोखून, एकमेकांच्या खांद्याला खांदा घासून दाटीने उभे. बातमीकडे पाठ फिरवून बिशोफने बातमी टिपणाऱ्यांचेच चित्र घेतले! घरी लिहिलेल्या पत्रांतूनही त्याने या धावाधावीचा उबग बोलून दाखवला आहे. त्याला माणसांजवळ थांबायला वेळ हवा होता, आणि त्याच्या धंद्यात सगळ्यांत महाग काय असेल तर तो वेळच.

जपानात त्याला तो काहीसा मिळाला. टोकियोच्या मैजी मंदिराच्या आवारात बर्फ पडते आहे आणि छत्र्या घेतलेले पुजारी त्यातून चालले आहेत, हे त्याचे चित्र पाहिले की वाटते, शिंपल्यांचा कवी पुन्हा घरी आला. 'जपान' हे त्याचे पुस्तक १९५४ साली निघाले. १९५५ साली त्याला फ्रान्सचे नादार पारितोषिकही मिळाले. पण तोवर बिशोफ या जगात नव्हता.

१९५३ च्या शरदात तो अमेरिकेला गेला आणि तिथून खाली दक्षिणेकडे निघाला. रोझेलिना काही काळ बरोबर होती. दिवस गेले असल्याने ती मायदेशी परतली. बिशोफ पेरूला पोचला. कुस्को शहराकडे जाणाऱ्या डोंगरवाटेवर त्याला एक मुलगा दिसला. पाठीवर ओझे, ओठांना पावा, आणि चालता चालता वाजवणे चालू. ओझे आहे म्हणून पावा थांबलेला नाही, पावा आहे म्हणून ओझे उतरलेले नाही. ज्या दोन गोष्टी एका मुठीत धरायला बिशोफ आयुष्यभर धडपडला त्या या पोराने सहज एकत्र धरल्या होत्या. तेवढ्यासाठी इथवर येणे कारणी लागले, असे आपल्याला चित्र पाहताना वाटून जाते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, १६ मे १९५४ रोजी, अँडीज पर्वतातल्या रस्त्यावर त्याची मोटार दरीत कोसळली. बरोबर एक भूगर्भशास्त्रज्ञ आणि मोटार हाकणारा होता. तिघेही गेले. नऊ दिवसांनी, २५ मे रोजी, रॉबर्ट कापा इंडोचायनात सुरुंगावर पाय पडून ठार झाला. मॅग्नमच्या कचेरीवर एका महिन्यात दोन आघात झाले. तिकडे झुरिचमध्ये बिशोफच्या घरी, त्याच्यामागे थोड्याच दिवसांत, दुसरा मुलगा जन्माला आला. त्याला वडील भेटले ते निगेटिव्हच्या पेट्यांतून. मॅग्नमच्या त्या नियमाने निगेटिव्ह साप्ताहिकांच्या कपाटात न जाता छायाचित्रकाराकडेच राहिली होती, म्हणून बिशोफचे काम त्याच्या माणसांना एकसंध जपता आले. चार मित्रांच्या त्या सहकारी बंडाचे मोल अशा वेळी कळते.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. या दिवाळीत रांगोळीचे, आकाशकंदिलाचे, नव्या कपड्यांतल्या नातवंडांचे फोटो घरोघर निघतील. ते अवश्य काढावेत. आनंदाचे फोटो काढणे हे काही पाप नव्हे; बिशोफनेही बर्फातल्या छत्र्या टिपल्या. मुलांना या माणसाची गोष्ट सांगायची झाली तर मी एवढेच सांगेन, की त्याने आधी शिंपला पाहायला शिकून घेतले होते. एका क्षुल्लक वस्तूपाशी तास न्‌ तास थांबण्याची सवय होती, म्हणून पुढे तो एका उपाशी बाईसमोर थांबू शकला. बाकीचे पुढच्या बातमीमागे धावत होते. ती बाई, ते कडेवरचे मूल, आणि तो पुढे आलेला हात चित्रात अजून तसाच आहे. कधी हे चित्र समोर आले तर पान उलटण्याआधी क्षणभर थांबावे, एवढेच वाचकांना मागणे आहे.